खासबाग मैदान : कुस्ती नसलेल्या संध्याकाळी

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक कुस्तीच्या दिवसाविषयी असते. हलगीचा कडकडाट, शड्डू, फेटे, इनामाच्या घोषणा आणि उतारावर खांद्याला खांदा लावून बसलेली हजारो माणसे यांचे वर्णन आपण सर्वांनी वाचले आहे, आणि ते खरेही आहे. पण वर्षात असे दिवस मोजकेच येतात. उरलेल्या दिवसांत हे मैदान सामान्य माणसाला काय देते, संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन तेथे जावे का, वृद्धांना तेथे निवांत बसता येते का, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. २०२४ च्या मे महिन्यात माझे वडील गावाहून डोळ्यांच्या तपासणीसाठी आमच्याकडे आले होते. त्या मुक्कामात आम्ही पाच संध्याकाळी आणि एक सकाळ खासबागेत काढली. हा अभिप्राय मुख्यतः त्या सहा फेऱ्यांवर आधारलेला आहे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी त्यांनी पन्हाळ्याच्या बाजूच्या आमच्या गावातील तालमीत माती अंगाला लावली, जत्रेतल्या काही कुस्त्या मारल्या, आणि पुढे शेतीत अडकल्यावर कुस्ती केवळ पाहिली. मी स्वतः इमारतींचे आराखडे काढण्याचे काम करतो. कुस्तीतले डाव मला नावाने ठाऊक आहेत, त्यापलीकडे फारसे नाही. पण एखादी जागा तशीच का बांधली असेल, हे शोधत बसण्याची सवय व्यवसायाने लावली आहे, आणि खासबागेत या सवयीला भरपूर खाद्य मिळते.

अंबाबाईच्या देवळापासून मिरजकर तिकटीच्या दिशेने चालत निघाले की दहा-बारा मिनिटांत आपण खासबागेपाशी पोहोचतो. बाहेरून पाहणाऱ्याला आतल्या विस्ताराची कल्पना येत नाही. भिंत, तिला लागून खाण्याच्या गाड्या, माणसांची आणि दुचाकींची वर्दळ, एवढेच दिसते. आत पाऊल टाकल्यावर जमीन आपल्यापासून दूर, खाली जाऊ लागते आणि मधोमध तांबड्या मातीचा गोल हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, दिसतो. हौद्याभोवती मोकळी सपाट जागा, तिच्या पलीकडे चढत गेलेला उतार आणि वर उघडे आकाश. या मैदानाची सगळी रचना एवढीच आहे. एकही खांब नाही, छप्पर नाही, नजरेला अडवणारे काही नाही. थोरली मुलगी अकरा वर्षांची आहे. ती आत येताच म्हणाली की ही तर मोठी परात आहे. मला याहून नेमके वर्णन सुचलेले नाही.

पहिल्या संध्याकाळी मी एक साधी परीक्षा करून पाहिली. खिशातला पांढरा रुमाल घडी घालून हौद्याच्या कडेला, मातीच्या बाहेर, जमिनीवर ठेवला. मग उताराच्या पायथ्याशी, मध्यावर, तीन-चतुर्थांश चढावर आणि अगदी वरच्या कडेवर अशा चार जागी मांडी घालून बसलो, आणि प्रत्येक वेळी माझ्या पुढच्या बाजूला पत्नीला आणि मुलांना बसायला सांगितले. चारही जागांवरून रुमाल दिसत होता, आणि त्याच्या खालची जमीनही दिसत होती. नंतर मैदानाची बाजू बदलून हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही फरक पडला नाही. अण्णा माझा उद्योग बराच वेळ शांतपणे पाहत होते. शेवटी म्हणाले, "रुमाल कशाला ठेवतोस? हितनं पैलवानाच्या पाठीखालची माती दिसायची."

त्यांच्या या वाक्याने माझ्या डोक्यात बरेच काही स्पष्ट झाले. फुटबॉल किंवा क्रिकेटच्या प्रेक्षकाला खेळाडूच्या गुडघ्याखालचे क्षणभर दिसले नाही तरी खेळ कळतो. नाटकातही नटाचा चेहरा आणि हात दिसले की पुरते. मातीतल्या कुस्तीत मात्र निकाल जमिनीवर लागतो. दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट, आणि त्या क्षणी पाठ आणि माती यांच्यात कधी चार बोटांचे अंतर असते, कधी तेवढेही नसते. एक मल्ल खाली कब्जात आहे, वरचा घिस्सा हा डाव ओढतो आहे, खालचा मान आणि टाचा यांवर पूल करून खांदा वाचवतो आहे, हे सारे जमिनीपासून हातभर उंचीच्या आत घडते. ते जर मागच्या माणसाला दिसले नाही, तर त्याला पंचांचा हात वर गेल्यावरच निकाल कळणार; मग त्याने एवढ्या लांबून येऊन पाहिले काय? म्हणून खासबागेतील प्रत्येक बैठकीची नजर थेट मातीपर्यंत पोहोचणे आवश्यक होते, आणि ती पोहोचते.

हे वाटते तितके सोपे नाही. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पाऊण मीटर उंचीवर असतात. प्रेक्षागृहांच्या आराखड्यात मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून साधारण १२ सेंटिमीटर वरून जावी, असा संकेत आज पाळला जातो, म्हणजे पुढच्याचे डोके आड येत नाही. पाहायची वस्तू जितकी खाली, तितका चढ अधिक लागतो. आणि ज्या काळात हे मैदान झाले, त्या काळी प्रत्येक डोक्यावर फेटा किंवा पटका असे, ही गोष्टही हिशेबात धरावी लागते. दिलेल्या जागेत, यंत्रांची फारशी मदत नसताना, मातीच्या उतारावर हे गणित ज्यांनी जमवले, त्यांच्याविषयी माझ्या मनात फार मोठा आदर आहे.

मैदानाची कथा कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने राजर्षी शाहू महाराज इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोममधील कलोसियम पाहिले, आणि तसे कुस्तीचे मैदान आपल्या प्रजेसाठी असावे या विचारातून खासबाग उभे राहिले. ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मल्लविद्येला त्यांनी दिलेला आश्रय मोठा होता. पंजाबकडील नामांकित मल्ल कोल्हापुरात येत, आणि जगप्रसिद्ध गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष याच्यासारखे मल्ल येथल्या लढतींसाठी आले.

कलोसियमशी असलेल्या नात्याचा उल्लेख नेहमी होतो, पण दोन्हींतील फरक मला त्या नात्याहून महत्त्वाचा वाटतो. कलोसियम ही सुमारे १८८ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद अशी लंबवर्तुळाकार दगडी वास्तू आहे. तिच्यातील प्रेक्षकांच्या पायऱ्या कमानींवर आणि कमानदार छतांवर तोलून धरलेल्या आहेत, आणि त्यासाठी तिची बाहेरची भिंत पन्नास मीटरच्या आसपास उंच न्यावी लागली. शिवाय तेथे कोणी कोठे बसायचे हे दर्जानुसार ठरलेले असे. सामान्य माणूस वर, दूर. खासबागेत हे ओझे जमिनीनेच उचलले आहे. कमानी नाहीत, मजले नाहीत; मध्यभाग खाली आणि कडा वर, आणि त्या दोन्हींमध्ये मातीचा चढ. महाराजांनी रोमहून वास्तूची नक्कल आणली असती, तर ती खर्चिक झाली असती आणि बहुधा आपल्या हवेत, आपल्या बसण्याच्या पद्धतीला सोयीचीही झाली नसती. त्यांनी आणली ती कल्पना, आणि ती मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या मापाने पुन्हा घडवली. ज्या राजाने १९०२ मध्येच मागासलेल्या समाजांसाठी आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच्या मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पहिल्या रांगेइतके दिसावे, यात मला एकच स्वभाव दिसतो.

आता आजच्या वापराकडे येतो, कारण हा अभिप्राय त्यासाठीच आहे. उन्हे उतरल्यावर, साधारण साडेपाचच्या पुढे, मैदानात वेगवेगळी माणसे येऊ लागतात. निवृत्त मंडळी वरच्या कडेने फेऱ्या मारतात आणि मग ठरलेल्या जागी बसतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली वह्या घेऊन मधल्या उतारावर असतात. तालमीतली पोरे चढावर पळतात. खालून वर जोरात, वरून खाली चालत, पुन्हा खालून वर. चपला हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या तीन-चार बायकांचा एक गट मला दोन संध्याकाळी दिसला. लहान मुले अर्थातच हौद्याभोवतीच्या सपाट जागेवर, आणि तेथे त्यांचे पळणे, पडणे, भांडणे अखंड चालू असते. तिकीट नाही, खेळणी नाहीत, रंगीत दिवे नाहीत. तरीही दोन-दोन तास मुलांना कंटाळा आला नाही, हे मी पाहिले आहे.

याचे कारण शोधताना मला पुन्हा त्या रुमालाची आठवण झाली. शहरातल्या बागेत मुलांना नेले की आईबापाला बसता येत नाही. घसरगुंडीच्या मागे काय चालले आहे, झुडपाआड मूल कोठे गेले, फाटकापाशी कोण आहे, हे पाहत सतत उभे राहावे लागते. खासबागेत आडोसाच नाही. उतारावर कोठेही बसा, तुमचे मूल तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत दिसते, आणि तुम्हीही त्याला दिसता. माझा धाकटा सहा वर्षांचा आहे, आणि नजरेआड होण्यात त्याचा हातखंडा आहे. त्याला खाली सोडून मी आणि पत्नी उताराच्या मध्यावर बसून सलग पाऊण तास बोललो, ही गोष्ट आमच्या घरात गेल्या सहा वर्षांत घडली नव्हती. मल्लाची पाठ मातीला लागली की नाही हे पाहण्यासाठी जी नजर आखली गेली, तीच आता गुडघा फुटलेल्या पोरापर्यंत पोहोचते. मैदान बांधणाऱ्यांनी हा उपयोग योजला नसेल. पण चांगली योजलेली जागा अशीच असते, तिचा मूळ हेतू बाजूला ठेवला तरी ती उपयोगी पडत राहते.

आवाजाविषयीही लिहायला हवे. तिसऱ्या संध्याकाळी तालमीतल्या एका पोराने धावून झाल्यावर सहज गंमत म्हणून शड्डू ठोकला. तो खाली सपाटीवर होता आणि आम्ही वरच्या कडेजवळ. तरी मांडीवर पडलेल्या थापेचा आवाज आमच्यापर्यंत स्वच्छ आला. अण्णांची मान चटकन वळली. साध्या बोलण्याचे शब्द एवढ्या अंतरावर कळत नाहीत, पण हाक कळते. धाकट्याला "पाणी पिऊन जा" असे वरून सांगितले तर त्याला ते ऐकू येते. ऐकले नाही असे तो म्हणाला, तरी त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

हौद्याविषयी मात्र भेट देणाऱ्या प्रत्येकाने थोडे समजून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. ही साधी माती नव्हे. आखाड्याची तांबडी माती चाळून, खडे काढून घेतलेली असते. तिच्यात परंपरेने ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कडुनिंबाचा पाला असे पदार्थ मिसळले जातात, म्हणजे ती मऊ राहते, ओल धरते आणि खरचटलेल्या अंगाला बाधत नाही. ती वरचेवर खणून, उकरून भुसभुशीत ठेवावी लागते, नाहीतर तिच्यावर आपटलेल्या माणसाची हाडे मोडतील. मल्ल तिच्यात उतरताना ती चिमूटभर कपाळाला लावतो, आणि घामाने निसटणारी पकड बसावी म्हणून तीच एकमेकांच्या अंगावर टाकली जाते. आम्ही गेलो त्या दुसऱ्या संध्याकाळी बाहेरगावचे काही तरुण बूट घालून सरळ हौद्यात उतरले आणि छायाचित्रे काढू लागले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते; त्यांना ते एक सुंदर लाल वर्तुळ दिसले, एवढेच. अण्णा उठले, काठी टेकत हौद्यापर्यंत गेले आणि शांतपणे म्हणाले, "पोरांनो, पायताणं भाईर काढा. देवळात जाताना काढता न्हवं?" ती पोरे ओशाळली, बाहेर आली, एकाने तर खाली वाकून मातीला हात लावला. मग अण्णांनी त्यांना तासभर सोडले नाही. ढाक कशी मारतात, मोळी कशी बांधतात, एकेरी पट काढताना डोके कोठे ठेवायचे, हे त्यांनी बसल्या जागी हातांनी दाखवले आणि ती मुले मन लावून ऐकत राहिली. पायताण बाहेर काढावे एवढी एक ओळ प्रत्येक प्रवेशापाशी मोठ्या अक्षरांत असावी, असे मला वाटते. प्रत्येक वेळी तेथे एखादे अण्णा बसलेले असतीलच असे नाही.

त्या तासाभरात अण्णांच्या तोंडून नावे आली, ती त्यांच्या तरुणपणातील दैवते होती. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, त्यांच्या पुढच्या वर्षीचे गणपतराव आंदळकर, १९६४ चे मारुती माने. आणि या सर्वांच्या आधीचे खाशाबा जाधव, ज्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिले. खाशाबा येथल्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते, हे अण्णा सांगत असताना मुलगी माझ्याकडे पाहत होती. हे तिच्या पाठ्यपुस्तकात नाही का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली की असले तरी असे सांगितलेले नाही. खासबागेत वयस्कर माणसांना घेऊन जाण्याचे हे एक कारण आहे. जागा त्यांना बोलते करते.

मैदानाच्या पाठीला पाठ लावून केशवराव भोसले नाट्यगृह उभे होते. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेली ही वास्तूही शाहू महाराजांचीच. एकाच आवारात मल्ल आणि नट, दोघांनाही घर मिळावे, ही योजना आजही विचार करण्यासारखी आहे. आम्ही मे महिन्यात उतारावर बसलो असताना त्या इमारतीची पाठ आमच्या समोर होती आणि आम्ही ती गृहीत धरली होती. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. त्या रात्री कोल्हापुरातली माणसे रस्त्यात उभी राहून रडली. ज्यांनी कधी तिकीट काढून नाटक पाहिले नव्हते, तीही रडली. अण्णांना मी दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मैदानाविषयी. नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. म्हणून आता खासबागेत जाणाऱ्यांनी आत सोडतात का, कोणत्या बाजूने सोडतात, त्या दिवशी काही कार्यक्रम किंवा काम आहे का, याची आधी स्थानिकांकडे चौकशी करून मगच वृद्धांना आणि मुलांना बरोबर न्यावे.

बाहेरच्या खाऊगल्लीविषयी दोन शब्द लिहिले नाहीत, तर घरातील मुले हा अभिप्राय अपुरा समजतील. मैदानाच्या भिंतीलगत संध्याकाळी गाड्या लागतात आणि भेळ, रगडा पॅटिस, डोसा, पावभाजी, अंड्याचे पदार्थ, सरबते असे सारे मिळते. माझा कल भेळेकडे आहे. कोल्हापुरी भेळ चिंचेच्या पाण्यात बुडालेली नसते. चुरमुरे कुरकुरीत राहतात, तिखटपणा पहिल्या घासाला न जाणवता तिसऱ्या घासाला येतो, आणि कैरीच्या दिवसांत वर पडणारे बारीक तुकडे तिला पूर्ण करतात. अण्णा भेळ खात नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही परतताना गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गेलो, जेथे म्हशी समोर उभ्या असतात आणि धारोष्ण दूध पेल्यात मिळते. खासबागेची संध्याकाळ आणि मग कट्ट्यावरचे दूध, हा क्रम मी बाहेरगावच्या पाहुण्यांनाही सुचवीन, कारण कोल्हापूरची तालीम दुधाखेरीज समजत नाही. भेळेचे कागद मात्र मैदानात नेऊ नयेत. वारा सुटला की उतारावरचा प्रत्येक कागद घरंगळत हौद्याकडेच जातो.

उणिवांचे बोलायचे तर पहिली उणीव सावलीची. ज्या मोकळेपणाचे मी एवढे कौतुक केले, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. आम्ही एका रविवारी सकाळी साडेनऊला गेलो आणि अर्ध्या तासात परत फिरलो. मे महिन्यात त्या वेळीही उतार तापलेला होता आणि मुलांचे चेहरे लाल झाले होते. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, याशिवाय तेथे बसण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात ओल्या उतारावरून घसरण्याची भीती असते, म्हणून वृद्धांना तेव्हा नेऊ नये. मुले सायकल किंवा चाकांचे बूट आणण्याचा हट्ट करतील. उतारावर तो मान्य करू नये. आजूबाजूचे रस्ते अरुंद आणि संध्याकाळी गर्दीचे असतात, म्हणून चारचाकी दूर लावून चालत येणे उत्तम. आणि ज्यांना बाकावर टेकून बसण्याची सवय आहे, त्यांनी बरोबर सतरंजी आणि पाठीला टेकायला एखादी उशी घ्यावी. हे मैदान जमिनीवर बसणाऱ्यांचे आहे.

कुस्तीच्या दिवशी जायचे असेल, तर वरील सर्व सूचना विसराव्यात. त्या दिवशी दुपारीच जागा धरावी लागते, सहा वर्षांच्या मुलाला सोडण्याचा प्रश्नच येत नाही, आणि हलगी सुरू झाल्यावर शेजारच्याशी बोलणेही कठीण होते. तो अनुभव वेगळा आणि थोर आहे. पण मातीतली मोठी मैदाने आता पूर्वीइतकी होत नाहीत, मल्लांची तयारी अधिकाधिक मॅटवर चालते, आणि स्पर्धांचा जमाखर्च गुणांवर मांडला जातो. अशा काळात खासबाग जिवंत राहायचे असेल, तर ते रोजच्या येण्याजाण्याने राहील, असे मला फार मनापासून वाटते. जे मूल उतारावर धावत वाढले, ते उद्या कुस्ती पाहायलाही येईल; ज्याने हे मैदान फक्त चित्रात पाहिले, त्याला येथली माती परकीच राहील.

शेवटची अडचण गुडघ्यांची, आणि ती आम्हाला चौथ्या संध्याकाळपर्यंत सोडवता आली नव्हती. अण्णांना खाली, हौद्याच्या जवळ बसायचे असे. पैलवानाला माती जवळ हवी. उतरणे जमून जाई, पण निघताना चढ चढताना त्यांचे गुडघे बोलू लागत. एका हाताला काठी, दुसऱ्या हाताला मी, आणि दर दहा पावलांवर थांबणे. ते तक्रार करीत नसत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाय शेकत बसलेले मला दिसत. इतक्या संध्याकाळी दिसत असूनही जी गोष्ट आराखडे काढणाऱ्याच्या लक्षात यायला हवी होती, ती अखेर मुलीच्या लक्षात आली. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणालात ना, वरून पण तेवढंच दिसतं?"

पाचव्या संध्याकाळी आम्ही अण्णांना खाली नेले नाही. प्रवेशापासून वीस-पंचवीस पावलांवर, वरच्या कडेलाच सतरंजी अंथरली, पाठीला उशी दिली. मुले नेहमीप्रमाणे खाली धावली. अण्णा थोडा वेळ नाराज होते, मग हाताची सावली कपाळावर धरून हौद्याकडे पाहत राहिले. डोळ्यांच्या वैद्यांनी आदल्याच दिवशी त्यांना नवा चष्मा दिला होता. पाच-दहा मिनिटे गेली असतील. मी वर्तमानपत्र उघडले होते, पत्नी फळे चिरत होती. "आरं, त्या बारक्याच्या पायताणाचा पट्टा सुटलाय, पडंल त्ये," अण्णा म्हणाले. मी पाहिले तर धाकटा मैदानाच्या पार पलीकडच्या बाजूला, सपाटीवर, एका पायात सैल चप्पल ओढत पळत होता. मी उठून हाक मारली आणि तो थांबला.